पहिलं होम थिएटर घेताना: आधी संवाद, मग दणका

टीव्ही पंचावन्न इंची झाला, चित्र लखलखीत झालं, तरी घरात सिनेमा लागला की कुणीतरी विचारतंच, "काय म्हणाला तो?" मग रिमोट घेऊन आवाज वाढवायचा आणि मारामारी सुरू झाली की झटकन कमी करायचा. सांगली-मिरजेच्या बहुतेक हॉलमध्ये हे असंच चालतं. कारणं सरळ आहेत. टीव्ही जितका पातळ तितके त्यातले स्पीकर लहान, आणि त्यांची तोंडं खाली नाहीतर मागे भिंतीकडे. त्यात मार्च ते जून आमच्याकडे पंखा पाचवर असतो. पंख्याच्या आवाजात सगळ्यात आधी बुडतात ती स, श, फ, त अशी व्यंजनं, कारण त्यांच्यात मुळातच जोर कमी असतो. आवाज येतो, पण शब्द कळत नाही.

म्हणून माझा आग्रह एकच आहे: पहिल्या सिस्टीमचे पैसे संवादावर घाला. बेस पुढच्या दिवाळीला वाढवता येतो. संवाद फुटके असले तर रोज संध्याकाळी त्याचाच त्रास होतो. दुकानात विक्री मात्र बेसवर होते, म्हणून जाण्याआधी थोडी घरची तयारी करा.

आकडा ठरवा, त्यातला पाचवा हिस्सा बाजूला काढा

बजेट वीस हजार असेल तर सिस्टीम सोळा हजारांची बघा. उरलेल्या चार हजारांत वायर, भिंतीचे ब्रॅकेट, सर्ज प्रोटेक्टर, चांगली एचडीएमआय केबल आणि एक जाड पडदा किंवा सतरंजी बसवायची आहे.

आवाजाच्या खर्चात पडदा कशाला? आपल्या फ्लॅटचा हॉल आठवा. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींना गुळगुळीत पुट्टी, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझणीत शेपूट ऐकू आली, तर तीच शेपूट सिनेमातल्या प्रत्येक शब्दामागे लागणार. सोफा आणि टीव्ही यांच्यामधल्या फरशीवर जाड सतरंजी टाका, काचेवर भरपूर चुण्यांचा जाड पडदा सोडा आणि पुन्हा टाळी वाजवा. एवढ्यानं जो फरक पडतो, तो महागड्या मॉडेलनं पडत नाही. गावभागातल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना हा खर्च कमी येतो. लाकडी तक्तपोशी, जाड मातीच्या भिंती, पुस्तकांनी आणि भांड्यांनी भरलेले कोनाडे यांत आवाज आपोआप शांत होतो.

टेप घेऊन हॉल मोजा

कागदावर हॉलचा साधा नकाशा काढा. टीव्ही कुठे, सोफा कुठे, दारं कुठे, प्लग कुठे, कुठली बाजू स्वयंपाकघराकडे उघडी, हे सगळं त्यावर यायला हवं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोफ्याच्या मागे किती जागा आहे ते.

आपल्याकडे सोफा भिंतीला टेकवायची पद्धत आहे. तसं असेल तर मागचे दोन स्पीकर खऱ्या अर्थानं मागे जाऊच शकत नाहीत. पाच स्पीकरच्या रचनेत मागचे स्पीकर बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे हवेत. टीव्हीची दिशा शून्य धरली तर साधारण ११० अंशांवर. सोफा दीड-दोन फूट पुढे ओढता येत असेल तर हे जमतं. जमत नसेल तर बाजूच्या भिंतींवर, बसणाऱ्याच्या बरोबर बाजूला, पण कानाच्या उंचीपेक्षा फूटभर वर लावता येतात. आणि एका बाजूला भिंतच नाही, डायनिंग उघडं आहे, अशा घरात मागच्या स्पीकरचा हट्ट सोडून तो पैसा पुढे लावा, असं माझं मत.

समजा हॉल दहा बाय चौदा आहे, टीव्ही आखूड भिंतीवर आहे आणि सोफा थोडा पुढे ओढल्यावर कानापासून टीव्ही दहा फुटांवर येतो. डावा-उजवा स्पीकर मध्यापासून किमान २२ अंश बाजूला हवा असतो, तीसपर्यंत चालतो. म्हणजे दोन स्पीकरमध्ये निदान आठ फूट अंतर लागतं. तीन फुटी साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची एकच लांब पट्टी, ही रुंदी देऊ शकत नाही. तो संवाद स्वच्छ करील, पण गाडी डावीकडून उजवीकडे गेल्याचा भास मर्यादितच राहणार.

टीव्हीच्या मागे डोकावून बघा

मोबाइलचा टॉर्च लावून टीव्हीच्या मागच्या खाचा बघा. एखाद्या एचडीएमआयवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं आहे का? एआरसी २००९ पासून आहे, त्यामुळे बऱ्याच टीव्हींत सापडतं. साउंडबारची किंवा रिसीव्हरची (वेगळ्या स्पीकरना ताकद देणारा डबा) केबल त्याच खाचेत लावायची, शेजारच्या खाचेत लावून आवाज येणार नाही. एका केबलीत टीव्हीच्या अ‍ॅपचा, सेट-टॉप बॉक्सचा, सगळ्याचा आवाज सिस्टीमकडे जातो आणि टीव्हीच्या रिमोटनंच कमी-जास्त होतो.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल खाच असते. ती वाईट नाही, पण तिच्यातून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ जातं (पाच स्पीकर आणि फक्त बेस काढणारा एक सबवूफर, म्हणून ५.१). ओटीटी अ‍ॅप वापरतात ते डॉल्बी डिजिटल प्लस आणि त्यावर बसणारं, वरूनही आवाज आल्याचा भास देणारं अ‍ॅटमॉस तिच्यातून जात नाही. फक्त हेडफोनची गोल पिन असेल तर मिळणारा आवाज स्टिरिओच, हे गृहीत धरून खरेदी करा.

काय घ्यायचं

दहा हजारांच्या आत: वेगळा सबवूफर असलेला २.१ साउंडबार. टीव्हीपेक्षा कितीतरी बरा. पाच लहान स्पीकरचे स्वस्त संच याच किमतीत मिळतात, पण त्या पैशात पाच चांगले स्पीकर होत नाहीत.

पंधरा ते पंचवीस हजारांत खरा निर्णय करावा लागतो. एकीकडे ३.१ बार, म्हणजे डावा, उजवा, संवादासाठी स्वतंत्र मधला आणि सबवूफर. दुसरीकडे ५.१ चा तयार संच. सोफा भिंतीला टेकलेला आणि घरात वयस्कर माणसं असतील तर मी डोळे मिटून ३.१ सांगेन. मागे जागा असेल आणि सिनेमे बऱ्यापैकी बघत असाल तर ५.१. त्यात बार पुढे येतो आणि मधला स्पीकर त्यातच असतो. सोनीच्या एचटी-एस२०आरसारख्या संचात मागच्या स्पीकरच्या वायरी सबवूफरकडून येतात, म्हणजे हॉलभर वायर फिरवायची तयारी हवी. एचटी-एस४०आरमध्ये मागच्या दोघांसाठी वेगळा वायरलेस अ‍ॅम्प्लिफायर असतो. पण त्याला सोफ्यामागे विजेचा प्लग लागतो, आणि त्या डब्यापासून दोन्ही स्पीकरपर्यंत वायर असतेच. "वायरलेस" ऐकून खूश होण्याआधी नकाशात प्लग कुठे आहे ते बघा.

चाळीस-पन्नास हजार जमत असतील तर रिसीव्हर आणि वेगळे स्पीकर. हा रस्ता लांबचा आहे, पण मला सगळ्यात आवडतो. यात एकेक भाग सवडीनं जोडता येतो आणि एक बिघडला तर सगळा संच भंगारात जात नाही. सुरुवात ५.१ रिसीव्हर आणि बुकशेल्फ (फळीवर मावणाऱ्या लहान) स्पीकरच्या एका चांगल्या जोडीनं करा. नेमकं मध्यावर बसलात तर दोन स्पीकरमधूनही संवाद पडद्यातून आल्यासारखा वाटतो. एल आकाराच्या सोफ्यावर पाच जण बसणार असतील तर मात्र कडेच्या माणसाला तो जवळच्या स्पीकरमधूनच ऐकू येतो. तिथे दुसरी खरेदी मधल्या स्पीकरची, शक्यतो त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतली, म्हणजे आवाजाचा पोत बदलत नाही. त्यानंतर सबवूफर, आणि मागचे दोन सर्वांत शेवटी.

या बजेटमध्ये अ‍ॅटमॉसचा शिक्का बघून जास्तीचे पैसे देऊ नका. वरच्या दिशेने आवाज फेकणाऱ्या स्पीकरला तो परतवणारं सपाट, कडक छत लागतं. ज्या स्वस्त बारमध्ये असे स्पीकरच नाहीत, तिथे वरून येणारा पाऊस हा केवळ गणिती भास असतो.

खोक्यावरचे वॉट

वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. त्यामुळे ४०० आणि ६०० वॉट यांतला फरक कागदावरच मोठा दिसतो. शिवाय हा आकडा सगळ्या स्पीकरची बेरीज असते. पीएमपीओ (क्षणभराची फुगवलेली ताकद) लिहिलेलं असेल तर तो आकडा वाचूच नका, आरएमएस (सतत मिळणारी ताकद) विचारा.

नीट लिहिलेला आकडा कसा दिसतो ते पाहा. यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ या रिसीव्हरच्या माहितीपत्रकात लिहिलंय: एका चॅनेलला ७० वॉट, ६ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, विकृती ०.०९ टक्के, दोन चॅनेल चालू असताना. कुठल्या अटीवर किती ताकद, ते यात कळतं. असे ७० वॉट दहा बाय चौदाच्या हॉलला पुरून उरतात. वेगळे स्पीकर घेताना त्यांची सेन्सिटिव्हिटीही, म्हणजे तेवढ्याच वॉटला किती मोठा आवाज निघतो तेही, विचारा. ८५ ऐवजी ८८ डेसिबलचा स्पीकर घेणं म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट करण्यासारखंच.

दुकानात ऐकताना

गणपती पेठ असो की विश्रामबाग, काउंटरवर पहिलं वाक्य ठरलेलं: "साहेब, बेस बघा!" आणि काचा थरथरवणारं गाणं लागतं. गणपतीच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींनी आपल्या कानांना याची सवय लावलेली आहेच, त्यामुळे दोन मिनिटांत माणूस हो म्हणतो. ते गाणं शांतपणे बंद करायला सांगा आणि आपला पेनड्राइव्ह द्या.

त्यात तीन गोष्टी असू द्या. पहिली, जुन्या मराठी नाटकाचं चित्रीकरण, ज्यात दोन-तीन पात्रं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत मराठी नाटक उभं केलं, तिथल्या माणसाला स्वच्छ शब्द म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आवाज मुद्दाम कमी ठेवा, दुकानातला पंखा चालू राहू द्या आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू येतो का ते बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ते गिळलं गेलं तर वाक्यच गेलं.

दुसरी गोष्ट, नुसत्या तंबोऱ्याचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराकडे जवारी (तारांखालची घोडी घासून आणलेला झंकार) लावताना कधी बसला असाल तर कान आधीच तयार आहे. चांगल्या स्पीकरवर जवारीचे स्वर एकमेकांत मिसळत सलग फुलत राहतात आणि चारही तारा वेगळ्या कळतात. हलक्या स्पीकरवर त्याची माशीसारखी गुणगुण होते, नाहीतर खर्ज फुगतो आणि वरचे स्वर गायब होतात. मधल्या पट्टीतला दोष शोधायला याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

तिसरी, तुम्ही शंभरदा पाहिलेल्या सिनेमाचा गोंगाटाचा एखादा प्रसंग. यात बेस बघा, पण संवाद त्याखाली दबतो का तेही बघा.

दोन मॉडेलची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जरा मोठा वाजणारा संच कानाला नेहमीच बरा वाटतो. 'मूव्ही', 'बेस बूस्ट' असले मोड बंद करून ऐका. निघताना विचारा: सर्व्हिस सेंटर गावात आहे की सेट कोल्हापूर-पुण्याला पाठवावा लागतो, आणि रिमोट, अ‍ॅडॅप्टर सुटे मिळतात का. ऑनलाइन हजार रुपये स्वस्त मिळत असेल, तर या उत्तरांवरून ते हजार वाचतात की जातात हे ठरवा. सिरीयल नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल घ्याच.

घरी मांडणी

बार टीव्ही युनिटच्या पुढच्या कडेला आणा. शोकेसच्या खणात आत ढकलला तर आवाज घुमतो. मधला स्पीकर कानाच्या रेषेपेक्षा खाली असेल तर पुढच्या बाजूला रबराचे तुकडे सारून त्याचं तोंड वर करा. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण तीन-साडेतीन फुटांवर असतो.

सबवूफरला वेळ द्या. कोपऱ्यात ठेवला की बेस वाढतो, पण बऱ्याचदा एकाच सुराला जास्त घुमतो. याचं कारण खोलीच्या मापात आहे. ५६५ या आकड्याला हॉलच्या फुटांनी भागा. चौदा फुटांना सुमारे ४० हर्ट्झ येतात, दहा फुटांना ५६. हे सूर या हॉलमध्ये भिंतीजवळ फुगणार आणि खोलीच्या मधोमध पोकळ होणार. म्हणून भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बेस जड वाटतो आणि तोच सोफा पुढे ओढला की मोकळा होतो. बारा बाय बारा अशा चौरस खोलीत लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच सुरावर घुमतात, तिथे जागा शोधायला जास्त फिरावं लागतं.

जागा शोधायची युक्ती अशी. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. एकसारखा बेस असलेलं गाणं लावा. आता भिंतीकडेनं रांगत, कान जमिनीजवळ ठेवून सगळा हॉल फिरा. जिथे बेस घट्ट आणि मोजका ऐकू येतो, प्रत्येक ठोका वेगळा कळतो, ती सबवूफरची जागा. तयार संचात एक पथ्य पाळा. त्यातले स्पीकर इतके लहान असतात की १२०-१५० हर्ट्झपर्यंतचा आवाज सबवूफरला काढावा लागतो. पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग त्याच पट्ट्यात येतो. असा सबवूफर सोफ्याशेजारी ठेवलात तर नायक टीव्हीत आणि त्याचा घसा तुमच्या पायाशी, असं होतं. तो टीव्हीच्या बाजूलाच, दोन-तीन फुटांत ठेवा.

कृष्णेचं पाणी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये ज्या भागांत घुसलं, तिथे तळमजल्यावर राहणाऱ्यांनी वायरी फरशीत किंवा स्कर्टिंगमागे कायमच्या गाडू नयेत. सबवूफर दहा मिनिटांत सोडवून माडीवर नेता आला पाहिजे. मोठ्या, जड संचापेक्षा अशा घरात सुटसुटीत संच बरा.

मागच्या स्पीकरची वायर मोजताना सरळ रेषा धरू नका. चौदा फूट लांबी, त्यात टीव्हीपासून कोपऱ्यापर्यंतचे पाच, दाराच्या चौकटीवरून चढ-उताराचे चौदा, वर थोडी ढील: एका बाजूला चाळीस फूट सहज लागतात. रिसीव्हरसाठी खास स्पीकर वायर महाग वाटली तर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची फ्लेक्झिबल वायर एवढ्या अंतराला पुरते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर टाळा, जरा खरवडलं की पांढरी दिसते. लाल-काळं दोन्ही टोकांना सारखंच लावा. एका स्पीकरचं उलटं लागलं तर आवाज मोठा असूनही मधोमध भोक पडल्यासारखा वाटतो आणि बेस नाहीसा होतो.

सेटिंग

टीव्हीच्या मेनूत टीव्हीचे स्पीकर बंद करा आणि डिजिटल आउटपुट 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू'वर ठेवा. ते 'पीसीएम'वर राहिलं तर एआरसीतून दोनच चॅनेल जातात आणि ५.१ घेऊनही स्टिरिओच ऐकत बसाल. अ‍ॅपमध्येही ऑडिओच्या यादीतून ५.१ निवडा. केबल आणि यूट्यूबवरचं बहुतेक स्टिरिओच असतं. तिथे डॉल्बी सराउंडसारखा मोड लावला तर दोन्ही बाजूंना सारखा असलेला संवाद मधल्या स्पीकरकडे वळतो.

रिसीव्हरसोबत मायक्रोफोन आला असेल (यामाहाचं वायपीएओ, डेनॉनच्या अनेक मॉडेलमधलं ऑडिसी) तर पंखा, मिक्सर, कुकर सगळं बंद करून, मायक्रोफोन कानाच्या उंचीवर ठेवून मोजणी करा. नसेल तर टेपनं अंतरं मोजून भरा. बुकशेल्फचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर सुरू करा. मग मधल्या स्पीकरची पातळी २-३ डेसिबल वाढवा. सबवूफर शून्यावर आणून हळूहळू चढवा. बातम्या देणाऱ्या पुरुषाचा आवाज छातीतून घुमायला लागला की दोन पायऱ्या मागे या. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर लिप-सिंक नावाचं सेटिंग असतं.

रात्री दहानंतर नाइट मोड लावा. मोठे आवाज दबतात आणि कुजबुज वर येते. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. बेस तर स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो, म्हणून सबवूफरखाली जाड रबराची चटई ठेवा.

वीज

स्पीकरमधून सतत हुंऽऽ येत असेल तर सेट-टॉप बॉक्समधली केबलची गोल वायर काढून बघा. आवाज थांबला तर दोष दोन अर्थिंगच्या झगड्याचा आहे, ग्राउंड लूप आयसोलेटर लावून जातो. तीन पिनी प्लगची मोठी पिन काढणं हा त्यावरचा उपाय नव्हे, ते जिवावर बेतू शकतं. वीज गेल्यावरच हुंकार येत असेल तर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची शक्यता असते. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग काढा, आणि केबलची वायरही काढा, कारण वीज तिच्यातूनही शिरते.

पहिला आठवडा

खोकं, थर्माकोल, पिशव्या आठवडाभर फेकू नका. परत द्यायची वेळ आली तर ते लागतं. रिसीव्हर असेल तर त्याच्या मेनूतला टेस्ट टोन लावून, बार असेल तर यूट्यूबवरचे डाव्या-उजव्या आवाजाचे नमुने लावून प्रत्येक स्पीकर आपल्या जागेवरून वाजतो का तपासा. पाचही वाजतात का हे पाहायला अ‍ॅपमधला ५.१ सिनेमा लावा आणि एकेका स्पीकरला कान लावून फिरा. यूट्यूबच्या स्टिरिओ नमुन्यातून मागच्यांची खात्री होत नाही. आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवून एखादं शांत गाणं लावा आणि कुठे खरखर किंवा टीव्ही युनिटच्या काचेची थरथर येते का ऐका. थरथर काचेची असेल तर सरकत्या काचेच्या खाचेत फेल्टची पट्टी घाला. स्पीकरची असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात सिरीयल नंबर दिसू द्या, आणि बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत बिल घेऊन दुकानात जा.